धक्क्यावरचा भोंगा

४ फेब्रुवारी

अध्यक्ष झाले! तेही बिनविरोध. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या पोलीस मुख्यालयातून हुकूम आला होता की प्रत्येक बेटावरच्या पोलीस चौकीवर नागरिकांची देखरेख समिती हवी, तीन जणांची. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. "अध्यक्ष व्हायला कोण तयार आहे?" असं हवालदारांनी विचारलं आणि मी उभी राहिले. माझ्यानंतर कोणी उभंच राहिलं नाही. लोकांचा एवढा विश्वास बघून गहिवरून आलं. बत्तीस वर्षं इथल्या पोरांना शिकवलं त्याचं चीज झालं. सदस्य म्हणून बेकरीवाली आणि लाँचवाला. दोघांची नावं मीच सुचवली. दोघंही माझे विद्यार्थी, मला "नाही" म्हणायची सवय नाही.

मग भाषण केलं, पन्नास मिनिटं. सत्तेला कोणी विचारणारं नसलं की ती आधी सुस्तावते आणि मग मस्तावते, हे उदाहरणं देऊन सांगितलं. मागच्या रांगेत काहीजण डोळे मिटून ऐकत होते. एकाग्रतेची ही सवय शाळेतच लागते.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "अभिनंदन. आता चौकीचं काही खरं नाही." ह्यांचा पाठिंबा असाच, मोजक्या शब्दांत. हे रेडिओ, पंखे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. माणसांपेक्षा यंत्रांशी जास्त बोलतात.

७ फेब्रुवारी

चौकीची पहिली तपासणी. एक खोली, एक कपाट, बाहेर एक बाक. एक कोठडी, पण तिच्यात दवाखान्याच्या जादा गाद्या रचलेल्या, कारण हवालदारांची बायको म्हणजे आमच्या नर्सबाई आणि दवाखान्यात जागा नाही. हे लिहून घेतलं.

गुन्ह्यांची नोंदवही मागितली. हवालदारांनी ती शर्टाच्या बाहीने पुसून दिली. शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची!

"सहा वर्षांत बेटावर एकही गुन्हा नाही?"

"होतात की, बाई. पण बाकावर मिटतात."

ही इथली पद्धत. तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, दोघांनी चौकीबाहेरच्या बाकावर शेजारी बसायचं. भरतीची ओहोटी किंवा ओहोटीची भरती होईपर्यंत उठायचं नाही. हवालदार तोवर आत. पाणी फिरलं की बाहेर येऊन विचारतात, "काय ठरलं?" बहुतेक वेळा काहीतरी ठरलेलं असतं. इतका वेळ खांद्याला खांदा लावून भांडायचा दम कोणात असतो?

सगळ्या बेटाला ह्या बाकाचं कौतुक. मला नाही. बाकावर बसलेली दोन माणसं सारख्या वजनाची नसतात. बेकरीवाली तीनदा त्याच दिराबरोबर त्या बाकावर बसली आणि तिन्ही वेळा "मिटलं". चौथ्यांदा त्याने दुकानाची काच फोडली, तेव्हा पलीकडच्या कोर्टात दाखवायला तिच्याकडे लिहिलेली एक ओळ नव्हती. हवालदार भला माणूस आहे, यात मला शंका नाही. पण उद्या त्याची बदली होईल आणि त्याचा भलेपणा त्याच्याबरोबर लाँचमध्ये बसून जाईल. कागद मागे राहतो. मला कागद हवा.

१२ फेब्रुवारी

समितीची बैठक. धक्क्यावरच्या लोखंडी खांबाला चौकीचा भोंगा आहे. वारा बिघडला की हवालदार त्यावरून बोटींना माघारी बोलावतात. एरवी तो नुसता लटकलेला असतो. ठराव मांडला: रोज संध्याकाळी सहा वाजता, पंधरा मिनिटं, त्यावरून अध्यक्षांनी जनजागृती करावी. बेकरीवालीने हात वर केला. लाँचवाल्याचा मी करवला.

१९ फेब्रुवारी

आठवडा झाला. अटकेचे नियम, माहितीचा हक्क, नोंदवहीचं महत्त्व हे विषय झाले. पंधरा मिनिटांत प्रस्तावनाच होते, त्यामुळे पाऊण तास लागतो. पण परिणाम दिसतोय! मासेमारीच्या बोटी पूर्वी संध्याकाळी साडेसहाला निघायच्या. आता साडेपाचलाच समुद्रात. केवढी कार्यतत्परता! सहाच्या सुमारास घराघरांच्या खिडक्या लागतात. गार वारं सुटत असावं.

बेकरीवाली पाव देताना हळूच म्हणाली, "बाई, थोडं आवरतं घ्या ना." बिचारीवर कोणीतरी दबाव आणतंय. कोण, ते विचारलं तर सांगेना. घाबरलीय.

जेवताना हे म्हणाले, "अगं, ते संध्याकाळचं जरा..." तेवढ्यात मला उद्याचा मुद्दा सुचला आणि मी वही आणायला उठले.

२४ फेब्रुवारी

लाँच भर समुद्रात बंद पडली. वल्ही मारत आणली. दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी होती आत, तिघीही संतापलेल्या. सार्वजनिक वाहनाच्या देखभालीबद्दल जबाबदार कोण? आज ह्यावर तासभर बोलले.

२६ फेब्रुवारी

भोंगा चोरीला गेला!

दुपारी शाळेच्या वाचनालयात टिपणं काढत होते, तेवढ्या वेळात. सहाला चौकीत माईक हातात घेतला, "बंधुभगिनींनो" म्हटलं आणि बाहेर शुकशुकाट. जाऊन बघते तर खांब रिकामा. चारही स्क्रू काढून कठड्यावर ओळीने मांडून ठेवलेले. तारेच्या उघड्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली, कोणाला शॉक बसू नये म्हणून. चोर व्यवस्थित आहे.

"गुन्हा नोंदवा," मी म्हटलं.

हवालदारांनी खांबाकडे बघितलं, स्क्रूंकडे बघितलं, चिकटपट्टीकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "बाई, तुम्ही असं करा, बाकावर बसा."

"शेजारी कोण बसणार?"

"तो येईल हळूहळू."

"हवालदार, नोंदवही काढा."

"काढतो. दोन दिवस द्या."

हे कोणाचं काम आहे ते मला कळत नाही असं वाटतं का यांना? ज्यांना नोंदवही नको आहे त्यांचं. मुख्यालयाचं! बेटावर एक बाई प्रश्न विचारायला लागली आणि तिचा आवाज बंद करण्यात आला. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. "वाईट झालं," हे म्हणाले आणि चहाच्या कपावर बोटांनी ताल धरला. अंगठ्याला पट्टी होती. नर्सबाईंनी बांधून दिली म्हणे. कामात जपून राहत नाहीत.

१ मार्च

दोन दिवसांचे तीन झाले. नोंद नाही. मुख्यालयाला पत्र लिहिलं, अकरा पानी. कर्तव्यात कसूर, गुन्हा दडपणे, हवालदारांची चौकशी व्हावी.

नणंदबाई आमच्याच घरात राहतात आणि बेटाचं पोस्ट चालवतात. पाकीट हातात घेऊन उलटसुलट करत म्हणाल्या, "वहिनी, नक्की पाठवायचं?"

"नक्की."

"त्यांना काढलं तर नर्सबाई पण जातील. सगळ्या बेटाची बाळंतपणं कोण करणार? तू?"

"कायद्यासमोर नर्सबाई नाहीत नि नणंदबाई नाहीत."

"टपाल अडवणं गुन्हा आहे म्हणून, वहिनी. नाहीतर हे पाकीट मी बेकरीच्या भट्टीत घातलं असतं." आणि धाडकन शिक्का मारला.

मला काय आनंद होतो का? नर्सबाईंनी माझ्या गुडघ्यावर दोन वर्षं उपचार केलेत. पण ओळखीपाळखीने न्याय थांबवायचा असेल तर मग समिती कशाला, गप्पांचा कट्टाच बरा.

५ मार्च

संध्याकाळ रिकामी जाते. बोटी पुन्हा साडेसहाला निघायला लागल्या, आळस परत आला. खिडक्या मात्र उघड्या असतात. हे खिडकीत खुर्ची टाकून बसतात आणि शीळ घालतात. कपाटावर जुन्या रजईत गुंडाळलेलं मोठं गाठोडं दिसलं. विचारलं तर म्हणाले, "पंख्याचे भाग." किती धूळ गोळा करून ठेवतात!

९ मार्च

आजचा दिवस विसरणार नाही. संध्याकाळी सातला आभाळ शिसवी झालं आणि वारा एकदम उलटा फिरला. अकरा बोटी बाहेर. हवालदार चौकीतून पळत आले, खांबाकडे बघितलं आणि डोक्यावर हात मारला. मी धक्क्यावर धावले, नर्सबाई चादर फडकवत होत्या, बेकरीवाली पत्र्याचं ताट बडवत होती. समुद्रावर त्याचं काय ऐकू जाणार?

आणि तेवढ्यात भोंगा वाजला! गावाच्या बाजूने, कुठून तरी उंचावरून. एकेका बोटीचं नाव घेऊन, "माघारी फिरा रे! वारा फिरलाय, माघारी!" घशात खडे भरल्यासारखा आवाज, ओळखू येईना. पण तो "रे" कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. अकराच्या अकरा बोटी आल्या. शेवटची बांधली आणि पाच मिनिटांत लाटा धक्क्यावर चढल्या.

घरी आले तर हे गच्चीवरून उतरत होते, चिंब. वाळत घातलेले कपडे काढायला गेले होते म्हणे. कपडे सगळे वरच राहिले होते. माणूस गोंधळतो अशा वेळी.

म्हणजे चोर बाहेरचा नाही! बेटावरचाच आहे, आणि मनाने वाईट नाही. ह्यामुळे प्रकरण सोपं होण्याऐवजी अवघड झालं.

१० मार्च

आज शास्त्रशुद्ध विचार केला. चोराकडे शिडी हवी, हत्यारं हवीत, विजेचं ज्ञान हवं, वेगळी बॅटरी जोडून भोंगा चालवता यायला हवा. जाणकार म्हणून ह्यांचं मत घेतलं.

"हुशार माणूस दिसतो," हे म्हणाले.

"पण एवढं ज्ञान बेटावर तुमच्याशिवाय कोणाला आहे?"

ह्यांना ठसका लागला. नणंदबाई उठून आत गेल्या आणि आतून विचित्र आवाज येत राहिला, उशीत तोंड खुपसून खोकल्यासारखा.

"कोणालाच नाही ना? मग तो तुमच्याकडेच शिकलेला कोणीतरी असणार. आठवा जरा."

"आठवतो," हे म्हणाले.

१४ मार्च

चौकशी अधिकारी आल्या. तिशीतली मुलगी, ताठ चालीची, बोलणं मोजकं. शाळेच्या हॉलमध्ये सगळं बेट. मी माझं निवेदन सुरू केलं. चौथ्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "अकरा पानं वाचलीत मी, मॅडम. बसा." मला! पण बसले.

"हवालदार, भोंगा कोणी नेला ते माहीत आहे?"

हवालदार टोपी हातात फिरवत उभे. "आहे."

"कधीपासून?"

"चिकटपट्टी बघितली तेव्हापासून."

"नाव?"

"सांगता येत नाही, मॅडम. त्यानं आपण होऊन सांगावं, मग मी लिहीन. आमच्याकडे असंच चालतं."

"मग तुम्हाला निलंबित करण्याची शिफारस करावी लागेल. कळतंय ना?"

"कळतंय."

नर्सबाईंनी पदर तोंडाला लावला. मी हवालदारांकडे बघत होते आणि मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस नोकरी घालवायला तयार आहे, म्हणजे कोणाला तरी वाचवतोय. कोणाला?

"मी नेला," माझ्या शेजारून आवाज आला.

आमचे हे उभे होते. सदऱ्याचं वरचं बटण लावत, फोटो काढायला उभं राहावं तसे.

मी म्हटलं, "अहो, खाली बसा. उगाच कोणाला तरी वाचवायला..."

"अगं, मीच. कपाटावर आहे. रजईत."

मग लाँचवाला उठला. "शिडी माझी होती." बेकरीवाली उठली. "शिडी धरली मी. हा नुसता उभा होता." "नुसता? स्क्रू कोणी झेलले?" "दोन झेललेस, दोन पाण्यात जाता जाता वाचले!" नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी वाचनालयातून निघाली की सांगायला मी पोस्टाच्या पायरीवर होते." समितीच्या तीन सदस्यांपैकी दोन आरोपी! तिसरीचा नवरा मुख्य आरोपी!

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि कारण?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमचं म्हणणं बरोबर असतं हो. पण रोज?"

पुढचं लिहवत नाही.

१५ मार्च

सकाळी चौकीत गेले. हवालदार गाद्या मोजत होते, बहुतेक ताबा द्यायच्या तयारीने.

"माझ्या घरचा माणूस होता म्हणून लिहिलं नाहीत?"

"लिहिलं असतं तर तुमचं पद गेलं असतं, बाई. बेटावर विचारणारं माणूस एकच आहे. कधी कधी जास्त विचारतं, पण आहे."

माझा पारा चढला. "माझ्यासाठी कायदा वाकवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? उद्या बेकरीवालीच्या दिरासाठी वाकवाल! वाकवलाच होता, तीन वेळा, चांगल्या मनाने! लिहा. आत्ताच्या आत्ता."

सहा वर्षांनी नोंदवही उघडली. पहिली नोंद: भोंगा पळवला, आरोपी चार. दुसरी: माहीत असून नोंद केली नाही, हवालदार. ही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. तिसरी मी लिहायला लावली: सार्वजनिक भोंग्याचा ठरावापेक्षा तिप्पट वेळ वापर, समितीच्या अध्यक्ष. खाली सही केली.

मग बाहेर आले. हे बाकावर बसलेले. मी शेजारी बसले. भरतीला अजून तीन तास होते.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं. तू टिपणं काढत होतीस."

हातातली टिपणवही मी पिशवीत घातली. मग हे बोलायला लागले. संध्याकाळी बोटी निघतात तेव्हा हे खिडकीत बसून इंजिनं ऐकतात म्हणे. कुठलं खोकतंय, कुठलं दमलंय, ते कानाने ओळखून दुसऱ्या दिवशी मालकाला सांगतात. कोणी विचारत नाही, हे सांगतात. वीस वर्षं! मला वाटायचं, हवा खातायत. "लाँच सहाला परत येते. आठवडाभर खोकत होती. भोंग्यापुढे मला ऐकूच आली नाही. समुद्रात बंद पडली, तेव्हा मी उठलो."

दोन म्हाताऱ्या होत्या त्या लाँचमध्ये. मी त्याच संध्याकाळी जबाबदार कोण म्हणून तासभर ओरडले होते.

हे पुढेही बरंच बोलले. इंजिनांबद्दल, मग आमच्या लग्नाच्या वेळच्या गोष्टी, मग पुन्हा इंजिनं. पाणी फिरल्यावर हवालदार बाहेर आले आणि आम्हाला बघून परत आत गेले.

१८ मार्च

भोंगा परत खांबावर. ह्यांनीच बसवला, हवालदारांनी शिडी धरली. नवा ठराव: भोंगा फक्त हवामानासाठी. अध्यक्षांनी शाळेत बोलावं, ज्यांना यायचं ते येतील. दुसरा ठरावही झाला: बाकावर बसायच्या आधी दोघांची तक्रार नोंदवहीत लिहायची. बेकरीवालीने ह्या वेळी दोन्ही हात वर केले.

आज पहिली सभा झाली. नऊ जण आले. नवाच्या नवांचे डोळे उघडे होते.

पण मुख्यालयाचं पत्रही आलं. निलंबनाची शिफारस मान्य होण्याच्या मार्गावर. मोठे साहेब तेवीस तारखेला अंतिम सही करणार. "तक्रारदारास काही सांगायचे असल्यास उपस्थित राहावे." नर्सबाईंनी औषधाच्या कपाटाच्या चाव्या नणंदबाईंकडे देऊन ठेवल्या. कुठली गोळी कशाची, ते चिठ्ठ्या चिकटवून लिहिलंय.

ही आग मी लावलीय. नणंदबाई म्हणाल्या, "तक्रार मागे घे." घेणार नाही. तक्रार खरी होती. चुकलं ते एवढंच की ती अर्धी होती. उरलेली अर्धी मी तोंडी सांगणार.

२३ मार्च

सकाळच्या लाँचने निघालो. हे, मी, हवालदार. लाँचवाला म्हणाला, "इंजिन एकदम ठणठणीत आहे, बाई," आणि ह्यांच्याकडे बघून हसला.

मोठ्या साहेबांची खोली गार, टेबल प्रचंड, भिंतीवर घड्याळ. साहेब म्हणाले, "तीनला बैठक आहे माझी. थोडक्यात सांगा." दुपारचे दोन वाजले होते.

थोडक्यात सांगायचं मी ठरवलंच होतं. कागदावर चार वाक्यं लिहून नेली होती. पहिलं वाक्य म्हटलं: हवालदारांनी नोंद केली नाही, हा दोष आहे, आणि त्याची लेखी ताकीद त्यांना मिळालीच पाहिजे. साहेब म्हणाले, "मग निलंबन योग्यच आहे." आणि पेन उचललं.

त्या पेनाकडे बघून माझी चार वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी म्हटलं, साहेब, सहा वर्षं नोंदवही कोरी होती, तेव्हा तुमच्या कचेरीतून कोणी एकदा तरी विचारलं का? दर वर्षी तपासणीचा नियम तुमचाच आहे. तपासणीच्या नोंदी दाखवता? मग एका चौकीत एकच माणूस ठेवून त्याच्याकडून पोलीस, लेखनिक, वादळाचा पहारेकरी आणि दवाखान्याच्या गाद्यांची राखण अशी चार कामं करून घेणाऱ्यांबद्दल बोलले. जबाबदारी खालच्या पायरीवर येऊन थांबते आणि वरच्या मजल्यावर कधीच चढत नाही, ते कसं, हे चार देशांच्या इतिहासातून दाखवलं. तीन वाजले. बाहेरून कोणीतरी दार वाजवून गेलं. साहेब म्हणाले, "मुद्दा लक्षात आला." मी म्हटलं, "साहेब, ही पार्श्वभूमी झाली, मुद्दा आता सुरू होतो." सव्वातीनला पुन्हा दार वाजलं. साहेब दोन ग्लास पाणी प्यायले. मी तपासणीच्या नोंदी पुन्हा मागितल्या.

तीन वाजून बत्तीस मिनिटांनी साहेबांनी फाईल स्वतःकडे ओढली आणि लिहिलं: लेखी ताकीद, निलंबन रद्द, बदली नाही. शिवाय चौकीला एक लेखनिक मंजूर. मी आभाराचे दोन शब्द बोलणार होते, पण ते टोपी घालून बाहेर पडलेसुद्धा.

युक्तिवाद भक्कम असला की सत्तेलाही मान तुकवावी लागते! चार देशांचं उदाहरण निर्णायक ठरलं असं माझं मत आहे.

परतताना हवालदार लाँचच्या टोकाला उभे होते, कागद खिशातून काढत होते, वाचत होते, परत ठेवत होते. धक्क्यावर नर्सबाई दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

मी ह्यांना विचारलं, "खरं सांगा. फार बोलले का?"

हे इंजिनाकडे कान देऊन बसले होते. मान न वळवता म्हणाले, "अजून दहा मिनिटं बोलली असतीस, तर हवालदाराला बढती मिळाली असती."